आबांचा उजवा पाय

आमच्या घरातली सकाळ आबांच्या पायापासून सुरू व्हायची. आधी चुलीवर पाण्याचं पातेलं चढे, त्यात अक्का कडुनिंबाचा पाला टाके, आणि त्या कडवट वाफेचा वास दोन्ही खोल्यांत भरला की मी समजायचो, आता उठायला हवं. जळगावात डाळ मिलच्या मागे कामगारांच्या खोल्यांची एक रांग होती, त्यातल्या शेवटच्या दोन आमच्या. मिलची घरघर दिवसभर चाले आणि कान तिला इतके सरावले होते की ती थांबली की आम्ही दचकायचो. तुरीच्या टरफलांची बारीक धूळ भांड्यांवर, अंथरुणावर, भिंतीवरच्या येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीवर सारखी बसलेली असे. आई ती तसबीर रोज पदरानं पुसायची आणि मग त्याच पदराला नाक पुसायची. बाबा मिलमध्ये होते आणि आईही तिथेच डाळ निवडायला जायची. म्हणजे दिवसभर घरात माणसं तीन: आबा, अक्का आणि शाळेतून आल्यावर मी.

आबा म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. आजोबा लवकर गेले तेव्हा एरंडोलजवळच्या गावाहून धाकट्या भावाला घेऊन ते जळगावला आले, हमाली करून त्यांनी त्याला वाढवलं, त्याचं लग्न लावलं आणि स्वतःचं राहून गेलं. पुढे साखरेचा आजार जडला. उजव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांनी काढली आणि तळव्याच्या कडेला जी जखम झाली ती भरलीच नाही. ती रोज धुवावी लागे, पुसावी लागे, पिवळं औषध लावून जुन्या सुती लुगड्याच्या पट्टीनं बांधावी लागे. हे काम अक्काचं होतं. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण मार्था, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. हे काम तिला कुणी दिलं, कधी दिलं, हे मला आजही आठवत नाही. घरातली अशी कामं कुणी वाटून देत नाही, ती कुणाच्या तरी अंगावर येऊन बसतात आणि बाकीचे त्याला त्या माणसाचा स्वभाव म्हणू लागतात.

अक्काला नर्स व्हायचं होतं. धुळ्याला सिस्टरांचा, म्हणजे आमच्या जोगिणींचा, एक दवाखाना होता, तिथे नर्सिंग शिकवत. तिनं अर्ज केला होता आणि पत्राची वाट पाहत होती. मला त्याच वर्षी दहावीनंतर सेमिनरीत जायचं होतं, म्हणजे फादर होण्याच्या शिक्षणाला. आम्ही दोघंही जाणार, असं घरात बोललं जाई. दोघंही गेल्यावर आबांच्या पायाचं काय, हे कुणी बोलत नसे.

त्या वर्षी उपवासकाळ सुरू झाला, म्हणजे इस्टरच्या आधीचे आमचे चाळीस दिवस, तेव्हा फादरांनी राखेच्या बुधवारी प्रवचनात एक गोष्ट सांगितली आणि ती माझ्या डोक्यात जाऊन बसली. संत होणं हे फक्त धर्मगुरूंचं आणि सिस्टरांचं काम नाही, ते म्हणाले, बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला देवानं पवित्र होण्यासाठीच बोलावलं आहे, आणि त्याची वाट एकच: स्वतःला देऊन टाकणारं प्रेम. मी पंधरा वर्षांचा होतो. ‘प्रत्येकाला’ हा शब्द मला फार विचित्र वाटला. प्रत्येकाला म्हणजे बाबांनाही? बाहेर बिड्या ओढत बसणाऱ्या मिलच्या चौकीदारालाही? मी घरी येऊन विचारत सुटलो. बाबांना विचारलं, माणूस पवित्र कसा होतो. ते म्हणाले, आधी शिफ्टला वेळेवर जा, मग बघू. आई म्हणाली, नळ आलाय, आधी हंडा भरून आण. शेजारचे सुपडूभाऊ रिक्षा चालवत, ते काही आमच्या धर्माचे नव्हते, पण त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, आमच्याकडे त्यासाठी घर सोडावं लागतं, आणि माझी बायको मला पानटपरीपर्यंतसुद्धा सोडत नाही. शेवटी आबांना विचारलं. ते खाटेवर पाय उशीवर ठेवून पडले होते. छताकडे पाहत म्हणाले, “माले काय माहीत, भाऊ. मार्थाले इचार.”

मी अक्काला विचारलं नाही. ती काय सांगणार, असं मला वाटलं.

प्रवचनातल्या ‘प्रेम’ या शब्दाचं काय करायचं ते मला कळेना, पण ‘देऊन टाकणं’ कळलं. मी सोडायला सुरुवात केली. चहातली साखर सोडली. खिचडीवरचं कच्चं तेल सोडलं. त्या दिवसांत आई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायची. ज्वारीचं पीठ मोठ्या पातेल्यात शिजलं की त्यातलं थोडं गरमगरम ताटलीत घेऊन वर तेल ओतून खाणं हा आमच्या वर्षाचा सण. मी ताटली पुढे सरकवून दिली आणि आईचा चेहरा पडला, तो मला दिसला, आणि लाज वाटण्याऐवजी आपण बरोबर रस्त्यावर आहोत असंच वाटलं. मग मी माठातलं गार पाणी सोडलं. आणि शेवटी, मार्च उतरणीला लागल्यावर, चपला सोडल्या.

खानदेशातलं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला हे नुसतं सांगून कळणार नाही. दुपारी डांबर मऊ होतं, कुत्री गटारात जाऊन बसतात. मी शाळेतून घरापर्यंत अनवाणी आलो, दोन दिवस आलो आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही तळव्यांना लिंबाएवढे फोड आले. अक्कानं मला खाली बसवलं, आबांच्याच पातेल्यातल्या पाण्यानं माझे पाय धुतले, त्यांच्याच बाटलीतलं पिवळं औषध लावलं, त्याच लुगड्याची पट्टी फाडली. आता रोज सकाळी तिला तीन पाय झाले. चौथ्या दिवशी पट्टी बांधता बांधता ती वर न बघता म्हणाली, “अंतोन, तुझ्या त्यागाला दोन माणसं लागतात बघ.”

आबा खाटेवर हसले. मला राग आला. मी मनात म्हटलं, हिला कसं कळणार.

इथे थोडं थांबतो. मी आज पन्नाशीला आलो आहे, एका पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो, आणि हे लिहिताना मला सर्वांत जास्त नवल त्या मुलाचं वाटतं. त्याचं खोटं नव्हतं. तो रोज जपमाळ म्हणायचा, गुडघे दुखेपर्यंत म्हणायचा, आणि त्याला खरंच देव हवा होता. तरीसुद्धा आबांची पट्टी सुटायची वेळ झाली की तो पुस्तक घेऊन बाहेर मिलच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसायचा. त्या जखमेला वास होता. गोडसर, जड, अंगावर येणारा. चाळीस दिवसांत मी इतकं सोडलं, पण तो वास सोडून पळणं काही सोडलं नाही, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

इस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी फादर बारा जणांना वेदीसमोर खुर्च्यांवर बसवून त्यांचे पाय धुतात, पुसतात आणि त्यांचं चुंबन घेतात. तेव्हा त्या बारांत फक्त पुरुष असत. आमचं देऊळ लहान, माणसं मोजकी, म्हणून नावं आठवडाभर आधी ठरत. आणि नाव ठरलं की आमच्याकडे एकच गोष्ट होई: लोक पाय घासायला लागत. दगडानं टाचा घासायच्या, नखं काढायची, भेगांत तेल जिरवायचं, गुरुवारी दुपारी साबणानं पुन्हा एकदा धुवायचे आणि नवे मोजे घालून देवळात यायचं. फादरांच्या हाती मळका पाय देणं म्हणजे घराण्याची लाज. सगळ्या गावात त्या संध्याकाळी त्या बारा जणांइतके स्वच्छ पाय कुणाचे नसत, आणि तेच धुतले जात. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

त्या वर्षी सेमिनरीत जाणारा म्हणून माझं नाव होतं. माझे फोड सुकले होते, मी खूश होतो. सोमवारी फादर आमच्या घरी आले, आबांच्या खाटेवर टेकले आणि म्हणाले, आबा, यंदा तुम्हीही बसा. आबांनी फक्त पांघरुणाखाली पाय आत ओढला. मग फादर गेल्यावर त्यांनी अक्काला विचारलं, की न्हाव्याला बोलवता येईल का, आणि ते धोतर कुठे आहे, बाबांच्या लग्नातलं. इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं.

मी दोन दिवस त्या दृश्याचा विचार करत राहिलो. वेदीसमोर खुर्ची, सगळं देऊळ बघत आहे, अक्का पट्टी सोडते आहे, आणि तो वास पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत जातो आहे, आणि शेजारच्या खुर्चीवर मी. बुधवारी मी फादरांकडे गेलो आणि सांगितलं, आबांना ताप आहे, ते येऊ शकणार नाहीत. फादर म्हणाले, असू दे, आयत्या वेळी कुणाला तरी बसवू. तिथून घरी येऊन मी आबांना सांगितलं, फादरांचे बारा जण आधीच झालेत, त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. दाढी आधीच केलेली होती, गाल लहान मुलासारखे दिसत होते. “बरं,” ते म्हणाले, “आपण मांगे बसूत.”

त्यांना मागे बसायलासुद्धा येता येईल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गुरुवारी मी लवकर गेलो. खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या, माझी शेवटची आणि तिच्या आधीची रिकामी. मिस्सा सुरू झाल्यावर बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. सुपडूभाऊंनी आबांना धरून आत आणलं, दुसऱ्या बाजूला अक्का होती, आणि ते तिघं दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. सुपडूभाऊ जायला निघाले होते, पण काय चाललंय ते बघायला तिथेच थांबले. वाचन झालं, प्रवचन झालं. फादरांनी वरचा झगा काढून कमरेला टॉवेल बांधला, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, एक जण कमी आहे, कुणीही पुढे या.

कुणीही आलं नाही. मी सगळे चेहरे पाहिले. पुरुष माना खाली घालून आपापल्या बुटांकडे बघत होते. पाय घरून घासून आणलेले नव्हते ना कुणी. फादरांनी पुन्हा सांगितलं. एकानं पाय बाकाखाली ओढला. मग फादरांची नजर दारापर्यंत गेली.

“आबा,” ते म्हणाले, “ताप उतरला का?”

सगळ्यांनी मागे पाहिलं. फक्त आबांनी पुढे पाहिलं, माझ्याकडे. तेवढं अंतर तसं फार नव्हतं, सातआठ बाकांचं असेल, पण त्यांना सगळं कळलं हे मला तिथून दिसलं. अक्काचं डोकं आधी आबांकडे वळलं आणि मग तिनंही माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होतो, ते आता म्हणतील, कसला ताप?

“उतरना, फादर,” आबा म्हणाले. “आतेच उतरना.”

सुपडूभाऊंच्या खांद्यावर हात टाकून ते पुढे आले. माझ्या शेजारी बसले. अक्का त्यांच्यामागून आली, कुणी बोलावलं नव्हतं तिला, आणि जमिनीवर बसून तिनं पट्टी सोडली. वास आला. मी श्वास धरला. फादर गुडघ्यांवर बसले, तांब्या हातात घेतला आणि त्यांचं तोंड क्षणभर बाजूला वळलं. बाकी कुणाला दिसलं नसेल, मी जवळ होतो. मला आठवतं, मला तेव्हा भीती किंवा लाज नाही वाटली, मला कुतूहल वाटलं. फादरांनाही होतं हे? मग जी रोज करते तिला काय होतं?

फादर वरून पाणी ओतणार तेवढ्यात अक्का हळूच म्हणाली, “तसं नाही, फादर. बाजूनं. टाचेखाली हात घ्या आधी, ती जड होते त्यांना.” फादरांनी हात घेतला. तिनं त्यांच्या हाताखाली आपला हात दिला आणि दोघांनी मिळून तो पाय धुतला. फादर विचारत होते आणि ती सांगत होती, इथे पुसू का, इथे नको, इथे टिपा फक्त. शेवटी ते वाकले आणि त्यांनी घोट्यावर चुंबन घेतलं. आबांचे डोळे मिटलेले होते. मग फादर माझ्यापुढे आले, माझे घासून घासून गुलाबी झालेले पाय त्यांनी हातात घेतले, आणि त्यांच्या बोटांना त्या पिवळ्या औषधाचा वास होता.

शनिवारी सकाळी मी पापनिवेदनाला गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, प्रायश्चित्त म्हणून पन्नास वेळा नमो मारियाची प्रार्थना सांगतील. फादर म्हणाले, सेमिनरीत जाईपर्यंत रोज सकाळी आबांचा पाय तू धुवायचा. आणि कसा धुवायचा ते मला माहीत नाही, ते मार्थाला विचार.

तेव्हा कुठे मी अक्काला विचारलं.

पहिल्या दिवशी मी पट्टी सोडली आणि बाहेर पळत जाऊन ओकलो. परत आलो तेव्हा आबा वाट बघत होते. “फादर व्हनार शे नं तू? मंग नाक कसाले दाबस?” आठवड्याभरात नाक दाबायचं थांबलं. वास गेला नाही, पण तो आबांचा झाला. पाणी किती कोमट हवं ते कोपरावर टाकून बघायचं, पट्टीची गाठ वरच्या बाजूला यायची, बोटं नव्हती तिथे त्यांना अजून खाज सुटायची म्हणून हवेतच थोडं खाजवल्यासारखं करायचं, मग ते हसायचे. हे सगळं अक्कानं शिकवलं. एकदा मी तिला विचारलं, तुला कधी किळस आली नाही का? ती म्हणाली, “रोज येते की.” आणि पातेलं घासायला गेली. मी त्या उत्तराकडे आजही वळून वळून बघतो. मला वाटत होतं, संतांना किळस येत नाही.

मेमध्ये धुळ्याहून पत्र आलं. अक्काला जागा मिळाली होती, जुलैत हजर व्हायचं होतं. माझी सेमिनरी जूनमध्ये सुरू होत होती. तिनं पत्र वाचलं, घडी घातली आणि पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे ठेवलं. बाबा मिलमधून आले, जेवले, पत्राचं ऐकलं आणि म्हणाले, चांगलं झालं. आबा भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. आता आबांचा पाय मला येत होता. मी एक वर्ष थांबू शकलो असतो. फादरांनी मला पुढच्या वर्षी पाठवलं असतं, सेमिनरी कुठे पळून जात नव्हती. धुळ्याची जागा मात्र त्याच जुलैची होती. हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होतं, ताटातल्या भाकरीसारखं. मी भाकरी खाल्ली.

जूनमध्ये मी गेलो. अक्का स्टँडवर आली होती, एका पिशवीत आईनं दिलेले बिबडे आणि दुसऱ्या पिशवीत नव्या चपला. “या घाल,” ती म्हणाली. “तिकडे तुझे पाय धुवायला मी नाही.” धुळ्याचं तिनं काढलं नाही. मीही काढलं नाही. बुधवारच्या खोट्याची मी कबुली दिली, पण जूनमधलं ते गप्प राहणं मी अनेक वर्षं कुणाहीपुढे कबूल केलं नाही, कारण ते पाप म्हणून देवाच्या दहा आज्ञांतल्या कुठल्या आज्ञेखाली येतं हेच मला सापडत नव्हतं. देवाच्या कामाला निघालो होतो ना मी.

आबा त्यानंतर अडीच वर्षं जगले. धुळ्याला पुन्हा अर्ज करायचं वय अक्काचं निघून गेलं. ती जळगावातल्या एका दवाखान्यात आया म्हणून लागली आणि तीस वर्षं अनोळखी माणसांची ढुंगणं, जखमा आणि उलट्या पुसत राहिली. लग्न झालं नाही. त्यात माझा वाटा किती, हे मी ठरवू शकत नाही, तिला विचारायचं धाडसही होत नाही. मी तिसऱ्या वर्षी सेमिनरी सोडून परत आलो, हे तिच्या बाबतीत सर्वांत क्रूर. म्हणजे तिनं जे सोडलं ते ज्याच्यासाठी सोडलं तेसुद्धा मी सांभाळलं नाही. परत आलो त्या दिवशी तिनं फक्त विचारलं, जेवलास का, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

आता बायकांनाही त्या बारांत बसता येतं. यंदा नव्या फादरांनी अक्काचं नाव घेतलं. गुरुवारी दुपारी मी तिच्याकडे गेलो तर ती मोरीत स्टुलावर बसून दगडानं टाच घासायचा प्रयत्न करत होती. तिलाही आता साखर आहे, कमरेतून वाकता येत नाही, दगड टाचेपर्यंत पोचत नव्हता. मी म्हटलं, अक्का, पाय तसाच ने ना, फादर धुवायलाच बसणार आहेत. ती म्हणाली, “पोरगं नवीन आहे, त्याला कशाला त्रास.” मग दगड माझ्यापुढे धरून म्हणाली, “मागे भेग आहे का बघ, मला दिसत नाही.”

मी पाणी तापवलं. कोपरावर टाकून बघितलं. आधी टाचेखाली हात घेतला, आणि मग बाजूनं पाणी सोडलं. भेग होती, खोल नव्हती. ती मान मागे टेकवून डोळे मिटून बसली आणि म्हणाली, “आता नाक नाही दाबत तू.”

संध्याकाळी देवळात फादरांनी तिच्या पायांवर तांब्यानं पाणी घातलं, तेव्हा ते पाय स्वच्छच होते.